खुंटीवरचं कडं

चांदीनं दावं तोडलं नव्हतं, ताटी मोडली नव्हती, कुडाला भोकही पाडलं नव्हतं. आणि तरी ती पुंजारामच्या हरभऱ्यात उभी होती. तिच्या मागं बाकीच्या चार. घाटे नुकते भरत आलेले, जानेवारीचं कोवळं ऊन, आणि पाचही बकऱ्या पंगतीला बसल्यासारख्या एका ओळीत खात होत्या.

ललिता तेव्हा गावाच्या दुसऱ्या अंगाला परक्याच्या शेतात कापूस वेचत होती. इंदूबाई तिच्या शेजारच्या ओळीत होती. इंदूबाईचा फोन वाजला आणि पुंजारामचा आवाज एवढा मोठा आला, की फोन कानाला लावायची गरज पडली नाही.

“संघपालच्या बायकोले सांग, तिच्या बकऱ्या पुन्हा माह्या हरभऱ्यात हायेत! येते का टाकू कोंडवाड्यात?”

इंदूबाईनं फोन ओटीत टाकला. “जाय व माय लवकर. भडकला थो.”

ललितानं वेचलेला कापूस गाठोड्यात रिकामा केला, बोटांना चिकटलेला काडीकचरा झटकला आणि ती निघाली. पळाली नाही. पाच महिन्यांपासून ती कशासाठीच पळाली नव्हती. दूध उतू जात असलं तरी चालतच चुलीकडे जायची.

पुंजाराम बांधावर काठी घेऊन उभा होता. बकऱ्यांना त्यानं मारलं नव्हतं, फक्त एका कोपऱ्यात दाबून धरलं होतं. हरभऱ्याचं एक झाड उपटून त्यानं ललिताच्या हातात दिलं. झाडाला शेंडाच नव्हता. रस्त्यानं सरपण घेऊन जाणाऱ्या दोन बाया थांबल्या. गावात भांडण ऐकायला कोणाला ओझं जड होत नाही.

“पाहा वहिनी. हे खाल्लं, हे तुडवलं. मांगच्या पंधरवड्यात आल्या तवा बोललो का मी? नाही बोललो. मनलं, संघपाल माह्या वर्गातला, थो खाटेवर पडून हाये. पन आता दुसऱ्यांदा झालं. घरी काय सांगू मी?”

“पुन्हा नाही येनार भाऊ.”

“हे मांगच्या खेपेलेही मनलं होतं तुमी.”

म्हटलं होतं, हे खरं होतं. ललितानं हातातलं झाड बांधावर ठेवलं. मग ती म्हणाली, “बकऱ्या पुन्हा सुटल्या त बाजारात नेईन. साऱ्याच्या साऱ्या.”

हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू बकऱ्या दुसऱ्याच कोणाच्या होत्या. पुंजारामलाही ते जरा जास्तच वाटलं असावं. त्यानं काठी खाली केली. पण दोन बाया ऐकत होत्या, म्हणजे गावानं ऐकल्यासारखंच होतं, आणि शब्द गेला तो गेला.

घरी आली तेव्हा ताटी सताड उघडी होती आणि दोराचं कडं खाली लोंबत होतं. निंबाखाली खाटेवर संघपाल उताणा पडला होता. त्याच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, बकऱ्यांच्या वाड्याची ताटी. पलीकडे गाईचा कोठा. पायाशी कोंबड्यांचा डाला. खाट तिथं ललितानंच टाकली होती. दिवसभर ती कामावर, तर निदान जनावरं तरी नजरेसमोर असावीत, असा विचार तिनं पहिल्या महिन्यात कधीतरी केला होता. तेव्हा ती अजून विचार करत असे.

बकऱ्या आत घालून तिनं कडं हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. दोर शाबूत होता. “दातानं काढते वाटते रांड,” ती चांदीकडे बघून म्हणाली. चांदी पांढरी, उंच, डाव्या शिंगाचं टोक तुटलेली, आणि शेजारपाजाऱ्यांच्या मते महाबिलंदर. दुसऱ्या कोणावर संशय जायचं कारणच नव्हतं. खाटेवरच्या माणसाला तिनं काही विचारलं नाही. खाटेवरच्या माणसाला ती आताशा काहीच विचारत नसे. त्याचं सगळं करायची, पण ते गाईचा कोठा झाडावा तसं, मुकाट्यानं.

कुलूप लावायचं नाही का, असं कोणी परगावचा माणूस विचारेल. या वस्तीत जनावरांच्या दाराला कोणी कुलूप लावत नाही आणि गाठही मारत नाही. बारा वर्षांमागं बुधाजीच्या कोठ्याला आग लागली, तेव्हा धुरात दाराची गाठ सुटेना. आतल्या जनावरांचं ओरडणं साऱ्यांनी ऐकलं. त्यानंतर संघपाल स्वतः घरोघर फिरला होता. लाकडाची खुंटी, तिच्यावर दोराचं कडं. एका हातानं, आंधळ्यालाही, एका झटक्यात निघालं पाहिजे. ती रीत त्यानं घालून दिली आणि वस्तीनं पाळली. आता त्याच्याच घरच्या बकऱ्यांनी तिचा फायदा घेतला होता, असं लोक हसून म्हणायचे.

संध्याकाळी तिनं गाय पिळली, कोंबड्या डाल्याखाली घातल्या, बकऱ्यांपुढं तुरीचं कुटार टाकलं. मग गरम पाण्याचं घमेलं घेऊन खाटेशी बसली. लुंगी बदलली, पाठ पुसली, टाचेवरची जखम पाहिली. शेवटी उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळायला लागली. बोटं आकड्यासारखी वळलेली. ती एकेक सरळ करायची आणि ती एकेक परत वळायची.

श्रावणात, गाईला पाणी पाजता पाजता संघपाल अंगणात कोसळला होता. अकोल्याच्या दवाखान्यात अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू सुन्न आहे. वाचा गेली. मागं राहिला एक ‘हं’. बैलजोडी गेली, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं. मुलगी प्रतीक्षा अकोल्याला जठारपेठेत औषधाच्या दुकानात कामाला. ती दर दोन दिवसांनी फोन करायची. “आई, हाताले काम दे बाबाच्या. नुसतं तेल लावून नाही होत.” ललितानं एक रबरी चेंडू आणून त्या हातात दिला होता. तो खाटेखाली घरंगळला आणि कोंबड्यांनी चोची मारून सोडून दिला. डॉक्टरांचा तो शब्द मात्र तिच्या डोक्यात राहिला होता. सुन्न. कधीकधी भाकर थापताना तिला वाटायचं, याची एकच बाजू आहे, माझ्या तर दोन्ही.

बकऱ्या मात्र संघपालच्या होत्या. पाचही त्यानं पिल्लापासून वाढवलेल्या. घरात त्याचं म्हणून चालतंफिरतं एवढंच उरलं होतं. त्या गेल्या की उरणार ती खाट. हे ललिताला माहीत होतं, पण कळत नव्हतं; बधिर झालेल्या हिरडीवर बोट घासावं तसं ते होतं.

दुसऱ्या दिवशी वेचणीला जाताना इंदूबाईनं सल्ला दिला. “जोडी लाव तिची. त्या मंगळीसंग. एकटी चांदी काय वाऱ्यासारखी जाईल, पन मंगळीले घेऊन कुठी जाते?”

जोडी लावायची म्हणजे दोन बकऱ्यांच्या गळ्यात एकच हातभर दोर बांधायचा. उनाड बकरीला गरीब बकरीचं लोढणं. मंगळी तांबडी, कान लोंबते, आणि स्वभावानं इतकी गरीब की दुसरीनं तोंड काढल्याशिवाय टोपल्यात तोंड घालायची नाही. तिचं पोट आता दिसायला लागलं होतं.

संघपालनं कधी जोडी लावली नव्हती. तो म्हणायचा, “बकरीले बांधून नाही राखा लागत, खुश ठेवून राखा लागते.” रोज दहाला त्यांना गावाबाहेरच्या सरकारी पडीत जमिनीवर न्यायचा, तीनला आणायचा, आणि वाड्यात आडव्या बल्लीला बाभळीच्या, बोरीच्या फांद्या उंच टांगून ठेवायचा. बकरी खाली मान घालून खायला तयार नसते, तिला दोन पायांवर उभं राहून ओरबाडायचं असतं. खाली टाकलेलं ती एकदा हुंगते, त्यावर पाय देते आणि मग उपाशी असल्यासारखी ओरडते. ललिताला हे सगळं ठाऊक होतं. पण फांद्या तोडायला आणि टांगायला जो वेळ लागतो तो ती संघपालच्या टाचेला आणि पाठीला देत होती. ती कुटार खाली टाकायची. निम्मं तुडवलं जायचं. दुपार झाली की बकऱ्या ओरडायला लागायच्या, आणि ते ऐकायला घरी एकटा संघपाल असायचा.

नव्या दोरानं जोडी लावताना संघपाल खाटेवरून “हं! हं!” करायला लागला. ललितानं उठून त्याची लुंगी चाचपली. कोरडी होती. पाणी पाजलं. त्यानं ते गालातून बाहेर सोडलं. तोंड पुसून ती परत दोराकडे आली, गाठ आवळली आणि कामावर गेली.

चार दिवस बरे गेले. चांदी एकीकडे ओढायची, मंगळी फरफटत तिच्या मागं. रात्री बसायचं तर दोघींना एकदम बसावं लागायचं. मंगळीच्या मानेवरचे केस एका जागी उडाले. ललितानं तिथं हळद-तेल लावलं आणि दोर थोडा वर सरकवला.

पाचव्या दिवशी कोणाचा फोन आला नाही. ललिता पाच वाजता घरी आली, तर अंगणात दगडावर पुंजाराम बसला होता. त्याची टोपी गुडघ्यावर होती. त्याच्या पुढ्यात मंगळी आडवी पडली होती. ताटी उघडी. चांदी आणि बाकीच्या तीन गाईच्या कोठ्यात एका कोपऱ्यात अंग चोरून उभ्या.

“वहिनी,” पुंजाराम उठला. “मी तिकडून तार लावली होती ना परवा. चांदीनं उडी मारली. हे रायली अलीकडे, दोर तारेवर अडकला.”

ललितानं डब्याचं फडकं खाली ठेवलं.

“मी पान्याच्या मोटारीजवय होतो. आवाज आला थोडासा. पोचलो तवा...” त्यानं मंगळीकडे हात केला. “मांगचे पाय टेकत होते तिचे. थोडेसेच. जरा धीर धरून उभी रायली असती त वाचली असती. घाबरली ना थे.”

“दोर कापला काय?” ललितानं विचारलं.

“कापा लागला.”

“नवा होता.”

पुंजारामनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आपल्या शेतापासून मेलेली बकरी त्यानं स्वतः खांद्यावर आणली होती. सदऱ्यावर तिची लाळ वाळली होती. वस्तीतल्या दोघांनी येऊन मटणाचं विचारलं. ललितानं नाही म्हटलं. मग पुंजारामनंच फावडं मागितलं, बांधाशी खड्डा खणला, आणि पोटावर हात ठेवून मंगळीला आत ठेवलं. त्या पोटात आणखी एक होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

हात धुताना तो म्हणाला, “आता बाजारच करा वहिनी. हरभऱ्यासाठी नाही मनून रायलो. तुमच्याच्यानं होत नाही हे. येत्या बाजाराले मी गाडी सांगतो.”

“सांगा.”

खाटेवर संघपाल रडत होता. आवाज नव्हता, फक्त तोंड वाकडं होऊन डाव्या डोळ्यातून धार लागलेली. आजारानं असं होतं, उगाच रडू येतं, असं दवाखान्यात सांगितलेलं होतं. ललितानं पदरानं त्याचे डोळे पुसले, नाक पुसलं, आणि भाकरी टाकायला गेली. स्वतःही दीड भाकर खाल्ली. चव लागली नाही, पण ती कितीतरी दिवस लागतच नव्हती.

त्यानंतर आठ दिवस चांदी बाहेर पडली नाही. गळ्यात जोडी नाही, काही नाही, मोकळी. तरी रोज संध्याकाळी कडं खुंटीवर जसंच्या तसं. बकऱ्या आतल्या आत ओरडून घसा बसवून घ्यायच्या.

“अक्कल आली पाय तिले,” इंदूबाई म्हणाली. “डोयानं पायलं ना तिनं.”

“आली असन.”

“मंग ठेव ना व आता. कायले विकते?”

“शब्द देला.” ललिता पुढच्या बोंडाकडे वळली. विकू नये असं तिला वाटत होतं का, हे तिनं स्वतःला चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं चौघींचे खूर पुसले, शिंगांना तेलाचं बोट लावलं. विकायला नेताना जनावर नीट दिसावं म्हणून संघपाल तसं करायचा. प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा ती खाटेशीच उभी होती.

“हो. नऊ वाजता गाडी येते. बार्शीटाकळीच्या बाजारात... चारही. नाही, एकही नाही ठेवत... बाबा? चांगले हायेत.”

ती फोनवर बोलत होती आणि संघपाल तिच्याकडे टक लावून पाहत होता. तिनं फोन ठेवला, बकऱ्या आत घातल्या, कडं अडकवलं आणि हापशीवर निघाली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, डोक्यावरची चुंबळ राहिली. रिकामी कळशी घेऊन ती परत फिरली. अंगणाच्या तोंडाशी तुराट्यांचा कूड होता. त्याच्या आडून तिला आधी खाट दिसली, आणि ती तिथंच थांबली.

संघपालची मान ताटीकडे वळलेली होती. त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं होतं. ओल्या गोधडीचा पिळा उचलावा तसा तो हात त्यानं उचलला आणि खाटेच्या काठावरून पलीकडे टाकला. हात खुंटीवर आपटून खाली आला. त्यानं परत उचलला, परत टाकला. या खेपेला वळलेली बोटं, पाच महिने तेल चोळून ललिताला जी सरळ करता आली नव्हती तीच बोटं, कड्यात अडकली. मग त्यानं डावा हात सोडला.

आता पडतो, असं ललिताला वाटलं. हात पडला नाही. तो तिथंच राहिला, थरथरत. कोपराच्या वरची शीर फुगली. कडं खुंटीवर बोटभर वर सरकलं आणि परत खाली बसलं. संघपालचं कपाळ घामानं चमकत होतं. थंडी एवढी होती की हापशीवर बाया शाली घेऊन उभ्या होत्या. आत चांदी फटीला नाक लावून उभी होती, न ओरडता. पुढचं माहीत असल्यासारखी वाट बघत. कडं पुन्हा वर गेलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा ते खुंटीच्या टोकाशी गेलं, तिथं थोडा वेळ टिकलं, आणि निघून खाली लोंबलं. चांदीनं कपाळानं ताटी लोटली. बाहेर पडताना चौघींनी एकेक करून तो लटकलेला हात हुंगला.

या खेपेला ललिताला काहीतरी लागलं. तिला वाटलं, आनंद असेल. पण तो राग होता. कळशी तिनं खाटेच्या खुरावर आपटली, बकऱ्या बिचकून कोठ्यात पळाल्या.

“तुमी?” ती म्हणाली. “तुमी सोडून रायले होते?”

“हं.”

“चार लोकायत मान खाली घातली मी. पुंजाराम भाऊपुढं हात जोडले. थे मुकी चांदी, तिले शिव्या देल्या. अन् तुमी अठी पडून...” तिचा श्वास लागला. “मंगळी मेली. समजते का? जोडी मी लावली अन् ताटी तुमी उघडली. आपन दोघायनं मारली तिले.”

संघपालचं तोंड वाकडं झालं. “हं,” तो म्हणाला. “हं. हं.” आजाराचं रडू असं नसतं, हे आता ललिताला दिसलं. आठ दिवस हा हात का हलला नव्हता तेही दिसलं; आणि आज बकऱ्या जाणार म्हटल्यावर तो पुन्हा का उचलला, तेही. दुपारभर त्या ओरडत असतील, आणि साऱ्या घरात त्यांचं ऐकणारा हा एकच. त्याला दुसरं काय करता येत होतं?

ती खाटेच्या काठावर बसली आणि रडायला लागली. श्रावणापासूनचं सगळं एकदम आलं, नाकातून, तोंडातून, ओंगळ, मोठ्यानं. गाय कान टवकारून पाहत राहिली. काठावर पडलेला तो उजवा हात तिनं उचलला. रोज दोनदा चोळलेला हात. त्याच्या वळलेल्या बोटांत तिचं एक बोट सापडलं आणि त्यांनी ते धरलं. ओढून पाहिलं, तर सुटलं नाही.

गाडीचा हॉर्न वाजला. पुढं पुंजाराम, मागं रस्त्यावर गाडी. मोकळ्या बकऱ्या बघून पुंजारामच्या कपाळाला आठी पडली.

“हे काय वहिनी? आजही सुटल्या?”

“बसा भाऊ.” ललितानं पदरानं तोंड पुसलं. चौघींना तिनं आत हाकललं, ताटी ओढली, कडं खुंटीवर अडकवलं. मग खाटेशी येऊन नवऱ्याला म्हणाली, “काढा.”

संघपालनं आधी पुंजारामकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“काढा मनलं ना. दाखवा भाऊले.”

डावा हात उठला, उजव्याला घेऊन पलीकडे गेला, आणि सोडून परत आला. पुंजाराम आधी उभा होता. मग वाकला. मग दगडावर बसला. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, त्याच्याकडे न बघता पुंजारामनं हात वर करून त्याला गप्प केलं. कडं दोनदा घसरलं. “वर घे बे,” पुंजाराम पुटपुटला, “थोडंसंक वर... हां... हां...” कडं पडलं, तेव्हा त्यानंच श्वास सोडला.

“साल्या संघपाल,” तो म्हणाला. “शायेत मास्तरच्या खिशातून खडू काढे हा. चोर थो चोरच रायला.” आणि त्यानं टोपी काढून डोळ्यांवरून फिरवली.

“गाडी परत पाठवा भाऊ,” ललिता म्हणाली.

“शब्द देला होता तुमी. लोकायनं ऐकला.”

“देला होता. बकऱ्या सुटल्या त बाजारात नेईन मनलं होतं. बकऱ्या सुटल्याच नाही, भाऊ. यायनं सोडल्या. आता काय यायले भरू गाडीत?”

पुंजारामनं खाटेकडे पाहिलं. संघपालच्या तोंडाची डावी बाजू हलत होती. ते हसू होतं की काय, सांगणं कठीण होतं. पुंजाराम उठला, गाडीवाल्याशी दोन शब्द बोलला, आणि गाडी वळून गेली.

“हरभऱ्यात पाय ठेवला त पुन्हा बोलीन मी,” जाताना त्यानं बजावलं. पण दुपारी तो खांद्यावर आपल्या शेतातल्या झोपडीची बांबूची ताटी घेऊन आला आणि अंगणाच्या तोंडाशी, कुडाच्या दोन मेढींमध्ये बसवून गेला. एक खुंटी, एक कडं. रीत त्यालाही माहीत होती.

दुसऱ्या दिवशी ललिता तासभर लवकर उठली. इळा घेऊन नाल्यावर गेली, बोरीच्या आणि बाभळीच्या फांद्या आणल्या, निंबाच्या आडव्या फांदीला दोर टाकून त्या टांगल्या. खाली खाट, वर पाला. चांदीला वाड्यातून बाहेर काढून तिनं एकदा दाखवलं. चांदीनं पुढचे दोन पाय खाटेच्या काठावर ठेवले, मान ताणली आणि ओरबाडायला सुरुवात केली. पानं संघपालच्या छातीवर पडली.

तिला आत घालून ललितानं दगड घेतला, वाड्याची खुंटी उपटली आणि खाटेपासून दोन बोटं लांब ठोकली; हाताला तेवढंच काम जास्त. बांधावरून जाणाऱ्या इंदूबाईनं हाक मारली. ललितानं चुंबळ घेतली, डब्याचं फडकं घेतलं, अंगणाच्या ताटीपर्यंत गेली आणि परत खाटेशी आली. पाच महिन्यांत ती कधी सांगून गेली नव्हती.

“येचाले जातो,” ती म्हणाली. “पाचले येतो. बकऱ्या दुपारी सोडजा, दोन वाजता. त्याच्या आंधी नाही.”

“हं,” संघपाल म्हणाला.